आईचं बी१२ १४८, डी फक्त ९, आणि आता घरातले सगळेच पुड्या खायला लागलेत

रंकाळाकर

नमस्कार मंडळी. आईचे रिपोर्ट आलेत. वय ५८, शुगरची जुनी पेशंट, मेटफॉर्मिन चालू आहे आणि सकाळी चहाच्या आधी अ‍ॅसिडिटीची गोळी ठरलेली. तळपायाला मुंग्या येतात, रात्री पाय जळजळतात असं बरेच दिवस म्हणत होती, आम्ही शुगरवर ढकलत होतो. आता बी१२ आलंय १४८ आणि व्हिटॅमिन डी ९. डॉक्टरांनी बी१२ ची इंजेक्शनं एक दिवसाआड दिलीत आणि डी ची ६० हजारची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे.

आता माझे प्रश्न. आई माळकरी आहे, दूध-दही सोडलं तर बाकी काही नाही, त्यामुळं तिचं बी१२ कमी हे पटतं. पण बाबांचं पण काढलं तर १९०! आणि बाबा म्हणजे बुधवार रविवार मटण न चुकता, पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या, मग हे बी१२ जातंय कुठं? दुसरं म्हणजे ऊन काय कोल्हापुरात कमी पडतंय होय? आणि तिसरं, धाकटा भाऊ तालमीत जातो आणि आता जिमला पण, तो आईच्या डी च्या पुड्यांतली एक रोज दुधात घालून घ्यायला लागलाय, म्हणतो ताकद येते, व्हिटॅमिनच आहे, जास्त झालं तर लघवीतून जातं. खरं आहे का हे? आईला हे सगळं जन्मभर घ्यावं लागणार की जेवणातून भरून निघेल?

कट्ट्यावरचा_पैलवान

भावा एवढं टेन्शन कशाला घेतोस. गंगावेशीत कट्ट्यावर जा, समोर म्हस पिळून देत्यात, धारोष्ण दूध पाज आईला रोज अर्धा लिटर, आणि सकाळी कोवळ्या उन्हात बसव तासभर. आमचा आज्जा ८८ वर्षं जगला, त्याला बी१२ म्हंजे काय माहीतपण न्हवतं. गोळ्याबिळ्या सगळा धंदा हाय.

मेडिकलवाला_राजारामपुरी

पैलवान, दुधाबद्दल अर्धं बरोबर आहे तुमचं, उन्हाबद्दल नाही. पण आधी त्या भावाचं बघू, कारण मला सगळ्यात घाई तिथं वाटते.

रंकाळाकर, भावाची पुडी आजच बंद करा. "लघवीतून जातं" हे बी गटातल्या आणि सी च्या बाबतीत बरंचसं लागू आहे, ते पाण्यात विरघळतात. ए, डी, ई, के हे चार चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. आता हिशोब करा. मोठ्या माणसाला रोजची गरज आहे ६०० आययू (डी मोजायचं एकक, पुडीचे ६० हजार पण त्यातलेच). डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये असं धरतात. आठवड्याला ६० हजार म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ हजार पडतं, ते पण ज्याचं डी ९ आहे त्याला, ठरावीक आठवड्यांसाठी, टाकी रिकामी आहे म्हणून. तुमचा भाऊ रोज ६० हजार घेतोय म्हणजे गरजेच्या शंभर पट, आणि त्याचं डी किती आहे हे कुणी तपासलेलंसुद्धा नाही.

डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग सारखी तहान, सारखं लघवीला, मळमळ, बद्धकोष्ठता, भूक जाणे, आणि ताणलं तर मुतखडा, किडनीवर परिणाम. आणि पुडी बंद केली तरी लगेच उतरत नाही, चरबीत साठलेलं असतं, आठवडे महिने जातात. त्याचं कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि डी तीनही करून डॉक्टरांना दाखवा, नुसतं डी नको. काउंटरवर रोज बघतो मी, चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी लोक सात दिवसात सात संपवून परत मागायला येतात, आणि "बघ की, नुसतं व्हिटॅमिनच हाय न्हवं" म्हणून वर मलाच समजावतात.

न्यूट्रिशनची_मास्तरीण

वरच्या दादांनी डी चं नीट सांगितलंय, मी बी१२ वर येते कारण बाबांचा प्रश्न खरंच भारी आहे आणि कोल्हापुरात हा प्रत्येक घरात विचारला जातो.

रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास काहीच नाही. शंभर ग्रॅम मटणात तेवढं मिळून जातं. मग बाबांचं का कमी? एक तर रश्श्यात ते फार नसतं, खाल्लेल्या फोडी मोजा, प्यायलेल्या वाट्या नको. दुसरं, आणि हे लोकांना माहीत नसतं, बी१२ आत घ्यायला जठरात इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रथिन तयार होतं, त्याला धरून ते लहान आतड्याच्या शेवटी शोषलं जातं, आणि या वाटेनं एका जेवणात दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. रविवारी अर्धा किलो मटण खाल्लं म्हणून आठवड्याचा कोटा भरत नाही. त्यापेक्षा रोजचं एक अंडं, वाटीभर दही, पेलाभर दूध जास्त कामाचं. आणि तिसरं म्हणजे वय. अन्नातलं बी१२ मोकळं करायला जठरातलं आम्ल लागतं, पन्नाशीनंतर ते बऱ्याच जणांचं कमी होतं. बाबापण अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात का? कारण ती गोळी तेच आम्ल दाबते.

आईच्या बाबतीत तर तिन्ही बाजूंनी मार आहे, माळ, मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी. मेटफॉर्मिननं बी१२ चं शोषण कमी होतं, दीर्घकाळ घेणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. पण म्हणून मेटफॉर्मिन मनानं बंद करायची नाही, हे मुद्दाम ठळक लिहितेय. वर्षातून एकदा बी१२ तपासायचं, एवढंच. अ‍ॅसिडिटीची गोळी मात्र खरंच लागते का हे डॉक्टरांना विचारा, बऱ्याच जणांची कधीतरी पंधरा दिवसांसाठी सुरू झालेली असते आणि मग तीच चालू राहते.

पैलवानदादा, दुधाचं गणित सांगते. शंभर मिलीत बी१२ साधारण अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या लिटरात कागदावर गरज भरते, आणि शाकाहारी माणसाला दुसरा नैसर्गिक आधारच नाही, म्हणून दूध चालू ठेवावंच. पण १४८ वरून वर यायला दूध पुरत नाही, तिथं इंजेक्शन किंवा मोठ्या डोसची गोळीच लागते. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं टक्काभर त्या नेहमीच्या वाटेशिवायही आत झिरपतं, म्हणून ती चालते. मुंग्या असतील तर वेळ घालवू नये, नसांचं नुकसान लांबलं तर पूर्ण भरून येत नाही.

आणि आईला कुणी "रक्त कमी आहे" म्हणून नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या तर सांभाळा. फॉलिक अ‍ॅसिडनं रक्ताचं चित्र सुधारतं आणि बी१२ ची कमतरता आत तशीच राहते, नसा बिघडत जातात. जाता जाता, हे फॉलिक अ‍ॅसिड सापडण्याची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९३० च्या आसपास कापड गिरणीतल्या गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया अभ्यासायला आल्या होत्या आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. शाळेत आपल्याला हे कुणी सांगितलं नाही.

मेडिकलवाला_राजारामपुरी

उन्हाचं राहिलं. कोवळ्या उन्हात डी जवळपास तयार होत नाही, सूर्य खाली असताना त्यातले यूव्हीबी किरण वातावरणातच अडतात. साधा नियम, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन, म्हणजे साधारण अकरा ते दोन, हात पाय उघडे, दहावीस मिनिटं, सावळ्या कातडीला थोडं जास्त. काचेच्या आतून घेतलेलं ऊन उपयोगाचं नाही. आता सांगा, आपल्यातलं कोण दुपारी बाराला उघड्यावर असतं? शेतातला माणूस सोडला तर कुणी नाही, आणि आईसारख्या बायका घरात, बाहेर पडल्या की पदर, स्कार्फ, हातमोजे. त्यात जूनपासून चार महिने आपल्याकडं सूर्य दिसतोय कुठं.

कट्ट्यावरच्या दुधात डी नगण्य. पिशवीवर निळं प्लस एफ चिन्ह असलेल्या दुधात ए आणि डी घातलेलं असतं, पण लिटरला दोन-तीनशे आययूच.

रंकाळाकर

बापरे. भावाला वाचून दाखवलं, तहान खरंच खूप लागते म्हणाला, मी म्हटलं मग कालच का नाही बोललास. उद्याच रक्त देतोय. तो अजून एक नसांची कॅप्सूल घेतो आणि केसांसाठी कसल्यातरी गोळ्या. आणि आता विचारतोच आहे तर, वहिनीला दुसरा महिना आहे, आत्या दर आठवड्याला डबा भरून कलेजी पाठवते, रक्त वाढतं म्हणून. ते तरी चांगलं आहे ना?

न्यूट्रिशनची_मास्तरीण

नाही हो, ते थांबवा, आणि आत्यांना दुखवू नका, सुकं मटण पाठवा म्हणावं. कलेजीत लोह आणि बी१२ भरपूर, पण रेटिनॉल म्हणजे तयार व्हिटॅमिन ए पण प्रचंड. बकऱ्याच्या शंभर ग्रॅम कलेजीत ते कित्येक हजार मायक्रोग्रॅम असतं आणि दिवसाची वरची मर्यादा ३००० आहे. गरोदरपणात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, जास्त रेटिनॉलनं बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइन गोळी याच कुटुंबातली, म्हणून ती गरोदर बाईला पूर्ण बंद असते. एखाद्या वेळी खाल्लं म्हणून घाबरून जाऊ नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला, दर आठवड्याचा डबा मात्र नको. गाजर, पालक, लाल भोपळा बिनधास्त खाऊ द्या, त्यातलं कॅरोटीन शरीर लागेल तेवढंच ए मध्ये बदलतं, फार खाल्लं तर तळहात पिवळे दिसतील, बाकी काही नाही. वहिनींची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका, बाळाच्या मणक्याची नळी पहिल्या महिन्यातच बंद होते.

भावाच्या कॅप्सूलचा डबा उलटा करून पायरिडॉक्सिन किती मिलिग्रॅम आहे ते बघा, तेच बी६. गरज दोनच्या आसपास असते. मोठ्या डोसनं महिनोन्महिने घेतलं तर त्यानंच हातापायाला मुंग्या येतात, म्हणजे ज्यासाठी घ्यायचं तेच दुखणं. पाण्यात विरघळतं म्हणून निर्धास्त राहायचं तर तिथंही नाही. युरोपात २०२३ साली याची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली, अमेरिकेत अजून १०० आहे. आणि केसांच्या गोळीत बायोटिन असणार, ते जास्त असलं तर थायरॉइडसारख्या टेस्टचे आकडे चुकतात. लॅबमध्ये सांगा आणि रक्त द्यायच्या आधी दोन दिवस बंद ठेवा. म्हणजे कॅल्शियम, क्रिएटिनिन उद्याच होऊ द्या, त्याला थांबू नका, बाकीचं दोन दिवसांनी.

कट्ट्यावरचा_पैलवान

मास्तरीणबाई, आमच्या तालमीत निम्मी पोरं ही पुडी खात्यात. हा धागा ग्रुपवर टाकू का?

मेडिकलवाला_राजारामपुरी

टाका की. आणि विचारा त्यांना, चिठ्ठी कुणी दिली.

रंकाळाकर

आईचं एक राहिलं, जन्मभर लागणार का ते?

न्यूट्रिशनची_मास्तरीण

डी चं आठ आठवड्यांनंतर साधारण महिन्याला एक पुडी किंवा रोजचा छोटा डोस देतात, तीन महिन्यांनी परत तपासून डॉक्टर ठरवतील. बी१२ मात्र माळ आणि मेटफॉर्मिन दोन्ही आहे तोवर गोळी चालूच राहील असं धरून चाला. आणि बाबांचं १९० नुसतं सोडून देऊ नका, त्यांना पण दाखवा.

रंकाळाकर

बाबा म्हणतात रविवारनंतर बघू.

कट्ट्यावरचा_पैलवान

बरोबर हाय त्यांचं.