रब्बींच्या ग्रंथांवरच्या परिषदांत निवाडा देणारे का नकोत?

पाठभेद:
ज्यू विद्येची जागतिक परिषद 1947 पासून जेरुसलेममध्ये भरते. दर चार वर्षांनी जगभरातले अभ्यासक येतात आणि मिश्ना (ज्यू तोंडी परंपरेचा जुना संग्रह), ताल्मुद (त्यावरची चर्चा), हलाखा (ज्यू धर्मशास्त्र) यांवर निबंध वाचतात. माझं म्हणणं असं की त्या मंचावर रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या न्यायालयात बसणारे दय्यान, म्हणजे न्यायाधीशही हवेत. हारतुरे घ्यायला नाही, निबंधाला उत्तर द्यायला.

का, ते एका ओळीवरून सांगतो. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना जी ताकीद द्यायची, ती मिश्नाच्या सनहेड्रिन भागात (4:5) आहे. एक जीव घेतला तर सगळं जग बुडवल्यासारखं आहे, अशी. छापील प्रतींत ‘इस्रायलचा एक जीव’ असं सापडतं. बुडापेस्टच्या काउफमान हस्तलिखितात मात्र नुसतं ‘एक जीव’ आहे. त्यात सगळी माणसं आली! शिवाय पुढचा युक्तिवाद आदम एकटा निर्माण झाला यावरच उभा आहे, म्हणजे हाच पाठ तिथे बसतो. अभ्यासकांना हे केव्हाचं ठाऊक आहे. तरी येशिवातला, म्हणजे पाठशाळेतला मुलगा छापील पानच घोकतो, आणि पुढे त्यांतलाच एखादा दय्यान होतो. या दोघांची गाठ कुठे पडायची?

रोजचं_पान:
अजिबात पटलं नाही. येशिवाला पाठभेद कळत नाहीत हा समज आधी सोडा. ‘हझोन ईश’ म्हणून ओळखले जाणारे रब्बी अव्राहम कारेलित्स (1878–1953) यांनी नव्याने सापडलेल्या हस्तलिखितांवरून हलाखा ठरवायला विचारपूर्वक विरोध केला होता. पिढ्यान्‌पिढ्या विद्वानांनी ज्या पाठावर डोकं झिजवलं तो भरवशाचा. कोपऱ्यात पडून राहिलेल्या प्रतीचा लेखनिक किती काळजीचा होता, हे कोण सांगणार? ही भूमिका तुम्हाला मान्य नसेल, पण ती अडाण्याची नाही.

आणि ताल्मुद जिवंत आहे तो परिषदांमुळे नाही. 1923 मध्ये व्हिएन्नात रब्बी मेईर शपिरो यांनी रोज एक पान वाचायची पद्धत सुरू केली. 2,711 पानं, साडेसात वर्षांचं एक आवर्तन. दुकानदार वाचतात, डॉक्टर वाचतात, पहाटे कामावर जायच्या आधी वाचतात. दय्यानांनी वीस मिनिटांचे निबंध ऐकून काय मिळवायचं?

गित्तीन_वाचणारी:
माझा विरोध नेमका उलट कारणासाठी आहे. दय्यान मंचावर आले की चर्चा ‘हे चालतं की नाही’ यावर येऊन थांबेल. झकारियास फ्रँकेल 1854 पासून ब्रेस्लाउच्या सेमिनरीचे (रब्बी घडवणाऱ्या पाठशाळेचे) प्रमुख होते. मिश्नाकाळी हलाखा घडत गेली असं सुचवणारं पुस्तक त्यांनी 1859 मध्ये काढलं, आणि परंपरानिष्ठ रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांच्या गोटातून त्यांच्या श्रद्धेचीच झडती सुरू झाली. तो धाक नसलेली जागा अभ्यासकांनी कष्टाने उभी केली आहे.

दुसरं असं की इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट 1953 च्या कायद्याने रब्बी न्यायालयांकडे आहे. नवरा गेट, म्हणजे घटस्फोटपत्र देत नाही तोवर बाई अडकून राहते. दय्यान सगळे पुरुष. घटस्फोटावरच्या ‘गित्तीन’ या भागावर बाई निबंध वाचते आणि समोरचे पुरुष वह्या उघडून टिपून घेतात, हे परिषदेतच घडतं. ती बरोबरी मी पणाला लावणार नाही.

अलिबागची_लेक:
शालोम. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. आमच्या समाजाचा इतिहास माहीत असलेलं कुणी इथे बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाहनोंदणीसाठी निर्देश काढले. बेने इस्रायल वर किंवा वधू असेल तर आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे तपासायची आणि आधीच्या पिढ्यांत घटस्फोटानंतर पुन्हा लग्न झालं होतं का ते पाहायचं. कारण काय, तर शतकानुशतकं रब्बींपासून लांब राहिलेल्या कोकणातल्या लोकांनी गेट नीट दिले असतील का, ही शंका. गेट सदोष असेल तर शास्त्राच्या नजरेत पुढचं लग्नच ठरत नाही. आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. मग निर्देशातून आमचं नाव वगळलं गेलं.

गावात सोडचिठ्ठी कशी व्हायची, हे मराठीतूनच कळलं असतं. आमची प्रार्थना हिब्रूत, पण व्यवहार मराठीत. 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली, एवढी लिहिती-वाचती परंपरा होती. म्हणून मंचावर दय्यान हवेत, आणि ज्यांच्यावर निवाडा पडतो तेही हवेत.

गित्तीन_वाचणारी:
ताई, तुमचा मुद्दा काळजाला लागला. पण प्रश्न सोडवला तो क्नेसेटने आणि रस्त्यावर बसलेल्या माणसांनी. दय्यानांना परिषदेला बोलावून तो सुटला असता, असं मला वाटत नाही.

अलिबागची_लेक:
क्नेसेटने अपमान थांबवला. शंकेचं उत्तर दिलं नाही. शंका धर्मशास्त्राची होती, तिला उत्तर द्यायला त्या शास्त्रात मुरलेला आणि कोकणातले रिवाज जाणणारा माणूस लागतो. असे दोघे एका टेबलाशी बसायची जागा तुम्हीच सांगा.

रोजचं_पान:
रब्बी न्यायालयातच. साक्ष तिथेच घेतात.

पाठभेद:
तिथे साक्षीदाराला विचारलं तेवढंच बोलता येतं. दय्यानाला उलट प्रश्न करता येत नाही, तो परिषदेत करता येतो. गित्तीन_वाचणारी, तुमची भीती खरी आहे, म्हणून नियम असा असावा: दय्यानाने निबंधाला उत्तर द्यावं, पण निबंध निवडणाऱ्या समितीत त्याला जागा नको. पुढच्या वेळी घटस्फोटाच्या सत्रापासून सुरुवात करा. निबंध बाईचा, उत्तर दय्यानाचं, आणि तिसरी खुर्ची ताईंच्या समाजातल्या जाणत्या माणसाची.