अडून बसलेला ऑइल फिल्टर: तुम्ही कसा काढलात?

गेल्या रविवारी नाश्ता करून गाडीखाली आडवा झालो, तो जेवायची तिसरी हाक आली तेव्हाच बाहेर निघालो. 2011 ची पेट्रोल हॅचबॅक, तीन लिटर ऑइल, फार तर पाऊण तासाचं काम. ड्रेन बोल्ट मुकाट सुटला, काळं ऑइल जुन्या परातीत उतरलं, आणि फिल्टर काही केल्या जागचा हलेना. हाताने झालं, फडक्याने झालं, कमरेचा पट्टा गुंडाळून झालं. पट्टा तुटला. मागच्या वेळी ज्याने कुणी तो आवळला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला.

आता गाडी घोडीवर उभी आहे आणि इंजिनात ऑइलचा थेंब नाही, म्हणजे चालवत गॅरेजलाही नेता येत नाही. हा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांनी लिहा. फसलेले उपाय आधी सांगा, म्हणजे मी ते करणार नाही.

नाशिककर

पहिली चूक क्रमाची झाली. आधी फिल्टर हलतो का ते बघायचं, एक पाव फेरा सैल करायचा, मगच ड्रेन बोल्टला हात लावायचा. नाही हलला तर ऑइल जागेवर असतं, गाडी गॅरेजला जाते.

मी सातपूरला तीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो. फिल्टर अडकतो त्याची कारणं बहुधा दोनच. एक तर रबरी रिंग कोरडी बसवलेली असते. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि समोरच्या धातूला धरून बसतं. किंवा मग बसवणाऱ्याने पाना लावून आवळलेला असतो. अहो, फिल्टर ही हाताने लावायची वस्तू आहे! रिंगला बोटभर ताजं ऑइल फासायचं, रिंग टेकेपर्यंत फिरवायचा, तिथून पुढे साधारण पाऊण फेरा. नेमका आकडा बऱ्याचदा फिल्टरवरच छापलेला असतो, पण वाचतो कोण.

काढायचं म्हणाल तर इंजिन कोमट असलेलं बरं, पण तुमचं ऑइल उतरलंय, आता चुकूनही चालू करू नका. पत्र्यावरचा तेलकटपणा रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडा करा. मग जाड दाण्याचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू पत्र्याकडे करून, गुंडाळा आणि दोन्ही हातांनी पिळा. निम्मे फिल्टर एवढ्यावरच येतात. नाही आला तर पट्ट्याचा फिल्टर पाना आणा, पण तो टोकाला लावू नका. टोकाचा पत्रा पातळ असतो, दबतो. इंजिनाच्या जितका जवळ लावाल तितका चांगला.

ठाणेकरीण

दिशा एकदा तपासा. हसू नका. आमचा फिल्टर वरून, इंजिनाच्या मागून हात घालून धरावा लागतो. म्हणजे मी त्याच्याकडे उलट्या बाजूने बघत होते आणि अर्धा तास मनोभावे आवळत होते. फिल्टरच्या बुडाकडून बघितलं की घड्याळाच्या उलट फिरवल्यावर सुटतो. आता मी खडूने बाण काढते.

औरंगाबादहून

फसलेले उपाय मागितलेत ना, मग हा घ्या राजा उपाय. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि दांडी करून फिरवायचा. आमच्या मामाने शिकवलेला. मामाच्या हातून तो जमत असे.

मी ठोकला तो बरोबर मधोमध. उरलेलं ऑइल मनगटावरून थेट बगलेपर्यंत आलं. जोर लावला तर फिल्टर फिरायच्या ऐवजी पत्राच फाटत गेला, डालड्याचा डबा उघडावा तसा. दुसरं भोक पाडलं, तेही फाटलं. संध्याकाळपर्यंत पत्रा हातात, आतला कागद जमिनीवर, आणि इंजिनाला चिकटलेली फक्त जाड तबकडी. तिला धरायचं कुठे?

त्या तबकडीला मधल्या आट्याभोवती छोटी भोकं असतात. शेजारच्या वेल्डरने त्यांतल्या दोन भोकांत लांब नाकाच्या पकडीची दोन टोकं घातली, पकडीला पाना अडकवला आणि फिरवलं. नाही हलली. मग छिन्नी कडेला तिरकी लावून सुटायच्या दिशेने हलके हलके ठोके दिले. सातव्या-आठव्या ठोक्याला कुर्र असा आवाज आला. इतका गोड आवाज मी आयुष्यात फार कमी वेळा ऐकलाय. छिन्नी इंजिनाच्या बसायच्या जागेवर घसरली असती तर मात्र कायमची गळती होती, म्हणून वेल्डर मला हात लावू देत नव्हता.

सांगायचं ते एवढंच की भोक पाडलं की परतीची वाट बंद. आणि पाडायचंच असेल तर बुडाशी नाही, इंजिनाकडच्या बाजूला पाडा, आणि मधली नळी चुकवून.

कराडकर

आमच्याकडं ट्रॅक्टर. चेन पाना लावायचा, विषय संपला. पत्रा चेपतोय, चेपू दे, तो टाकायचाच आहे. एकदा फक्त गंमत झाली. फिल्टर आला तो मधला पोकळ आट्याचा तुकडा सोबत घेऊनच आला. भाऊ नवीन फिल्टर घेऊन उभा, लावायला जागाच नाही. तो तुकडा जुन्यातून सोडवून परत इंजिनात बसवावा लागला. जुना फिल्टर फेकायच्या आधी आत डोकावून बघत जा.

न्यू जर्सीतून

इथे घरासमोरच्या ड्राइव्हवेत स्वतः ऑइल बदलणारे पुष्कळ, त्यात मीही. आमच्या कोरोलाला डब्यासारखा फिल्टर नाहीच. प्लास्टिकची टोपी, आत कागदाची नळी. किती जोराने आवळायची ते टोपीवर 25 न्यूटन मीटर असं चक्क लिहिलेलं असतं, तरी सर्व्हिसवाले पहिलवानी करतात. तिच्यावर बसणारी 64 मिलिमीटर, 14 खाचांची पान्याची वाटी लागते. मी 65 ची लावली. एका मिलिमीटरने काय होतं म्हटलं. खाचा गुळगुळीत झाल्या, टोपीला तडा गेला आणि नवी येईपर्यंत चार दिवस बसने ऑफिस.

परत ठाणेकरीण

निघाल्यावर नाचू नका, जुन्या फिल्टरला रबरी रिंग आहे का ते बघा. नसेल तर ती इंजिनालाच चिकटून राहिली आहे. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक बसतात. चालू करताच नवंकोरं ऑइल फरशीवर. आमच्या पार्किंगमधला तो डाग वॉचमन अजून पाहुण्यांना दाखवतो.

धागा काढणारा

निघाला! पॉलिश पेपरने अर्धा जीव घेतला, पण हलला नाही. मग पट्ट्याचा पाना आणला, नाशिककर म्हणाले तसा इंजिनालगत लावला, आणि टक. रिंग कोरडी ठणठणीत होती, खाली फिल्टरलाच होती, इंजिनावर बोट फिरवून खात्री केली. नवा हातानेच लावला. दहा मिनिटं गाडी चालू ठेवून खाली टॉर्च मारला, थेंब नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण बायको म्हणते लिहीच. जुना फिल्टर पुसला तर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिलेले निघाले. अक्षर माझंच.

आता कॅनमध्ये तीन लिटर काळं ऑइल आहे. सासरे म्हणतात गेटच्या बिजागऱ्यांना आणि गावच्या वाशांना वाळवीसाठी दे. पण नियमाने हा घातक कचरा, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा, गटारात तर मुळीच नको. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आपल्या पिंपात ओतून घेतो म्हणाला आहे. शनिवारी कॅन घेऊन जातोय. पट्ट्याचा पाना कुणाला हवा असेल तर मागा, परत द्यायच्या बोलीवर.