कच्छचे छोटे रण : हिवाळी पक्ष्यांसाठी दोन दिवस पुरतील का?

प्रश्न
डिसेंबरअखेरीस वडिलांना घेऊन कच्छच्या छोट्या रणातील रानगाढव अभयारण्यात जाण्याचा विचार आहे. भिगवणला त्यांनी रोहित पक्षी अनेकदा पाहिले आहेत. परंतु हुबारा हा माळढोकाच्या कुळातील पक्षी आणि क्रौंचांचे मोठे थवे पाहण्याची त्यांची इच्छा बरीच वर्षे राहून गेली आहे. त्यांचे वय ७४ असून गुडघे दुखतात. दोन दिवस पुरतील का? मुक्काम बजाण्याच्या बाजूला करावा की ध्रांगध्र्याच्या?

उत्तर १
दोन दिवस पुरतात, मात्र त्यांत दोन पहाटा मिळाल्या पाहिजेत. पावसाळ्यात नद्यांचे पाणी आणि आखातातून आत शिरणारे खारे पाणी मिळून सारे रण उथळ जलाशय होते. हिवाळ्यापर्यंत ते आटते आणि मोजक्या जागीच पाणी उरते. बजाण्याकडे अशी पाणथळ जागा असल्याने मी तोच मुक्काम सुचवेन. क्रौंच रात्रभर उथळ पाण्यात उभे असतात आणि उजाडताच दाणे टिपायला शेतांकडे निघतात. म्हणून सूर्योदयापूर्वी काठापासून दूर गाडी उभी करून इंजिन बंद ठेवावे, कारण थवा दिसण्याआधी त्याचा आवाज येतो आणि वडिलांना तो नक्की ऐकू द्या.

उत्तर २
हुबारासाठी मात्र पाण्याकडे नव्हे, तर बेटांकडे जावे; रणातील उंचवट्यांना स्थानिक लोक बेट म्हणतात आणि गवत, झुडपे तिथेच असतात. धोका जाणवला की हा पक्षी पुष्कळदा जमिनीला चिकटून बसतो आणि मातीच्या रंगात दिसेनासा होतो. पाठलाग करायचा नाही, हे चालकाला निघण्यापूर्वीच सांगावे, ही कळकळीची विनंती. आमच्या गाडीने एकाच हुबाराला तीनदा उडवले होते. छायाचित्र मिळाले, पण ते आजही मला पाहवत नाही. इतक्या दुरून हिवाळा काढायला आलेल्या पक्ष्याची शक्ती आपण अशी खर्ची घालू नये.

उत्तर ३
गुडघ्यांचा विचार करता उघड्या जीपमध्ये चढण्यासाठी एक ठेंगणे स्टूल सोबत न्यावे. पहाटे कडाक्याची थंडी असते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतूनही पक्षी नीट ओळखता येत नाही. ती वेळ विश्रांतीला द्यावी. सायंकाळी भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतात मुक्कामाला उतरतात, त्यासाठी पुन्हा बाहेर पडावे. वनखात्याचा परवाना आधी घ्यावा. चालकाला नेहमीची वाट सोडायला सांगू नये, कारण वरचा पापुद्रा वाळलेला दिसला तरी खाली चिखल असतो आणि गाडी रुतते.