ऊन खायला बाहेर पडलात का? हिवाळ्यातले अनुभव सांगा

मराठवाड्यात आपण मार्चपासून उन्हापासून पळतो. खिडक्यांना जाड पडदे, डोक्याला रुमाल, दुपारी उंबऱ्याबाहेर पाय नाही. माझी ती सवय दिवाळीनंतरही सुटली नव्हती. निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा मी दार लावून, अंगावर रग घेऊन टीव्हीसमोर काढला. रात्री झोप नाही, दिवसा अंग जड, घरात सगळ्यांवर चिडचिड. तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं तेव्हा हसूच आलं. संभाजीनगरात राहून उन्हाचा दुष्काळ!

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सकाळी बाहेर पडा म्हणाले. साडेसातला गोगाबाबा टेकडीवर जायला लागलो. मला वाटायचं, कोवळ्या उन्हातच ड जीवनसत्त्व मिळतं. तसं फारसं नसतं. त्याला लागणारे अतिनील किरण सूर्य वर चढल्यावर, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान नीट मिळतात, आणि बंद काचेआड बसून तर जवळजवळ नाहीच. सकाळच्या उजेडाचं काम वेगळं. त्याने शरीराचं घड्याळ लागतं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काही शे लक्स, बाहेर ढगाळ असलं तरी हजारांत. दोनेक आठवड्यांनी रात्री साडेदहाला डोळे आपोआप मिटायला लागले. ड जीवनसत्त्वाचं श्रेय गोळ्यांना, झोपेचं टेकडीला.

तुम्ही काय केलंत? जमलं नसेल तर तेही लिहा. नुसतं 'फ्रेश वाटतं' नको.

लातूर
दादा (वडील) गेल्यापासून तीन वर्षं येळवशीला (वेळ अमावस्येला रानात पूजा करून तिथंच जेवतो तो सण) शेतात गेले नव्हते. वेळ अमावस्येला लातूर कसं ओस पडतं ते इकडच्यांना माहीत आहे. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळं गाव रानात. फ्लॅटमध्ये एकटीच राहिलं की ते जास्तच खुपतं. यंदा भावजयीने ऐकलं नाही. "अक्का, भज्जीला हात तुमचाच पाहिजे." भज्जी म्हणजे या सणाची मिसळीची भाजी. गेले. कडब्याची कोप (खोपटं), आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव, माठातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर. भाचा रानभर आंबील शिंपडत फिरला.

वाटलं होतं, कोपीपुढं बसले की रडू येईल. आलं नाही. जेवून कडब्याच्या पेंढीला टेकले आणि दोन तास झोपले, भर उन्हात. जाग आली तर तोंडावर कुणीतरी टॉवेल टाकलेला.

आता दर रविवारी जाते. काम असं काही नाही. हरभऱ्याचे शेंडे खुडते, पाल्यावरच्या आंबट आंबीने बोटं चुरचुरतात. शेंडे खुडले की फुटवे जास्त येतात, म्हणून भाऊही खूश आहे.

परभणी
मी स्पर्धा परीक्षेवाला. सकाळी सहा ते रात्री दहा अभ्यासिकेत, डोक्यावर एक ट्यूब. डिसेंबरात आमचा पारा बातम्यांत येतो, पण मला थंडी फक्त मेसला जाताना कळायची. सतत डोकं दुखायचं म्हणून रूमपार्टनरने गच्चीवर नेलं. आता आठ ते दहा तिथंच, उन्हाला पाठ करून वाचतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे उन्हात मोबाईलचा स्क्रीन दिसत नाही. पूर्वपरीक्षेचं काय होईल ते होईल, डोकेदुखीच्या गोळ्या बंद आहेत.

हिंगोली
वाचून हसू आलं, राग मानू नका. आमच्या शेतीच्या फिडरला या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. बारा वाजता मोटर चालू करायची आणि गव्हात दारं धरायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत राहायचं. चिखलात पाय बधिर होतात, इच्चू-काट्याचं भ्या वेगळंच. मी घरी येऊन पडतो तवा तुम्ही टेकडीला निघता. आम्हाला बाहेर नको, रात्रीचं घरात झोपायला मिळालं तर बरं वाटंल.

तरी एक सांगतो. पाणी तोडल्यावर पहाटे बांधावर आगटी पेटवून चौघंजण बसतो. शेजारच्या ज्वारीची चार कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची. सोबत शेंगदाण्याची चटणी. तेवढा अर्धा तास कोणाचंच काही दुखत नाही.

धागाकर्ता
भाऊ, राग कसला. 'बाहेर पडा' हे मी घरात बसणाऱ्यांच्या हिशेबानं लिहिलं, तुमचं रान डोक्यातच आलं नाही. अजून लिहा.

बीड
आमच्या आबांना बीपी आहे, वय ७२. कुणीतरी सांगितलं म्हणून कानटोपी न घालता पहाटे पाचला चालायला निघाले आणि चौकात चक्कर येऊन बसले. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतो. आता ऊन निघाल्यावर जातात, तोवर मला सूचना देत ओसरीवर बसतात.

पैठण
नाथसागरावर पक्षी बघायला जातो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब पाण्याकाठी चरताना पाहिले की आपल्या सांधेदुखीची जरा लाजच वाटते. दुर्बीण एकच आहे. त्यावरून बायकोशी रोज भांडण होतं. गेली काही वर्षं आम्ही भांडण्याइतकंही बोलत नव्हतो.

नांदेड
माझं फिरणं वगैरे काही नाही. सासूबाई अर्धांगवायूने तीन वर्षं आतल्या खोलीत आहेत. दिवाळीनंतर नवरा म्हणाला, बाज अंगणात काढून बघू. दहा वाजता दोघं मिळून काढतो, डोक्याकडे लिंबाची सावली आणि पायांवर ऊन येईल अशी. पहिले चार दिवस त्यांनी भिंतीकडेच तोंड केलं. मग येणारे-जाणारे फाटकाशी थांबायला लागले, "काकू, कशा आहात?"

काल मी आत फोडणी घालत होते. बाहेरून आवाज आला म्हणून धावले, तर सासूबाई भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होत्या. जीभ अजून जड आहे, अर्धे शब्द कळत नाहीत. पण पाच रुपये कमी करून घेतले.