टोकियो ते लॉस एंजेलिस: जाताना १० तास, येताना १२?

घारू:
मंडळी एक शंका आहे. टोकियोहून लॉस एंजेलिसला जायचंय, आठवड्याने परत. नेटवर अंतर ८,८०० किमीच्या आसपास दिसतंय, ताशी ९०० धरलं तर पावणेदहा तास होतात, पण तिकिटाच्या साइटवर जातानाचे १० आणि येतानाचे साडेअकरा ते १२ दाखवतायत, अंतर तेवढंच तर वरचे दोन तास जातात कुठे? आणि संध्याकाळी ५ ला निघून त्याच दिवशी सकाळी ११ ला पोचणार म्हणे, साइट गंडलीये का?

रिकामा_बोका:
पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, त्यामुळेच असणार.

पागोळी:
नाही हो बोकोबा, पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतंय. नुसत्या फिरण्याने फरक पडत असता तर उलटं झालं असतं, परत येताना टोकियोच तुमच्याकडे सरकत आलं असतं की!

खरी भानगड वाऱ्याची आहे. १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम, आणि जपानवर तर हिवाळ्यात तो कधीकधी ताशी ३०० च्या वर जातो. पूर्ण रस्ताभर सरासरी १०० चा धरा: जाताना मागून ढकलतो म्हणजे १,००० चा स्पीड, पावणेनऊ तास. येताना समोरून, म्हणजे ८०० आणि बरोबर ११. त्यात रनवेपर्यंत जाणं, चढणं-उतरणं, थोडी राखीव वेळ मिळवली की तुमचे आकडे आले. १९५२ मध्ये पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीने टोकियो-होनोलुलू विमान मुद्दाम या वाऱ्यात नेलं तर १८ तासांचे साडेअकरा झाले होते. (हा वारा १९२० च्या दशकात ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून मोजला होता, पण रिपोर्ट लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या, फार कमी लोकांना येणाऱ्या भाषेत, मग कोण वाचतंय!)

नकाशेवाला:
पागोळीताई +१. ते ८,८०० पण गोलावरचं सर्वात कमी अंतर आहे हं. दोन्ही शहरं साधारण ३५ अंश उत्तरेला, म्हणून नकाशावर आडवी रेघ मारली तर सरळ वाटते पण ती ९,३०० भरते. जवळचा रस्ता वर ४८ अंशांपर्यंत चढून खाली येतो. तरी विमान रोज त्याच रेघेवरून जाईल असं नाही, त्या दिवसाचा वारा बघून रूट ठरतो, येताना तर वारा चुकवायला लांबचा रस्ताही परवडतो. त्यामुळे अंतर भागिले ९०० हे गणित सोडा, शेड्यूलमधली वेळच धरा.

घारू:
वा, भारी माहिती. आणि ते ५ ला निघून ११ ला पोचायचं?

नकाशेवाला:
साइट बरोबर आहे. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात टोकियोच्या १६ तास मागे, हिवाळ्यात १७. तुम्ही उतराल तेव्हा टोकियोत पहाटेचे ३ वाजलेले असतील, त्यातून १६ वजा करा, आदल्या दिवशीचे ११. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते ना.

पागोळी:
येताना मात्र तो दिवस व्याजासकट जातो :) दुपारी १२ ला निघालात तर टोकियोत दुसऱ्या दिवशी दुपारचे ४ वाजतील. तिथलं हॉटेल किंवा पुढचं विमान बुक करताना तारीख नीट बघा, घोळ तिथेच होतो.