त्रैराशिक ठीक, पण खड्यांतलं पाणी?

रासायनिक अभिक्रियेत किती ग्रॅममधून किती ग्रॅम पदार्थ मिळेल हे काढायला ‘मोल कशाला, थेट ग्रॅमचं त्रैराशिक मांडा’ असं वर कुणी लिहिलंय, ते चूक नाही. 100 ग्रॅम चुनखडीतून 56 ग्रॅम कळीचा चुना, मग 25 ग्रॅममधून 14. मोल (रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल) त्यात लपलेले असतातच. समीकरणात 2 किंवा 3 असे सहगुणक (सूत्राआधीचे आकडे) आले की मात्र लोक ते गुणायचे विसरतात, म्हणून मी तरी मोलची पायरी लिहितोच.

पण वजन नेमकं कशाचं केलं, हे इथे कुणी विचारलेलं नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला मी धुण्याच्या सोड्याचे खडे 10.6 ग्रॅम मोजले, भरपूर कॅल्शियम क्लोराइडमध्ये टाकले आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या 10 ग्रॅम साक्याची (तळाशी बसणाऱ्या न विरघळणाऱ्या पदार्थाची) वाट बघत बसलो. गाळून, वाळवून भरले जेमतेम पावणेचार! गणितात मी रेणुवस्तुमान 106 धरलं होतं, ते निर्जल (पाणी नसलेल्या) सोड्याचं. खड्यात सोड्याच्या दर रेणूमागे पाण्याचे 10 रेणू असतात, म्हणजे रेणुवस्तुमान 286. त्यातून बरणी उघडी राहिली की खडे पाणी सोडून पांढरे, पिठूळ होतात. मग 106 ही नाही आणि 286 ही नाही. अशा बरणीतला सोडा तापवून, वजन स्थिर झाल्यावरच 106 ने भागायचा.