मदत हवी आहे: २००६ ची एस्टीम रोजच्या वापरासाठी तयार करायची आहे, खर्चाची सुरुवात कुठून करू?

मृण्मयी_वडगाव

नमस्कार मंडळी,

बाबांची मारुती एस्टीम व्हीएक्सआय आहे. नोव्हेंबर २००६ ची, पेट्रोल, एमएच-१२ पासिंग, ७१ हजार किलोमीटर चाललेली. बाबांशिवाय फारसं कुणी चालवली नाही. मी गाडी शिकले तीही हिच्यावरच. काचबिंदूमुळे बाबांना कडेचं दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. त्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून गाडी वडगाव बुद्रुकला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. सुरुवातीला मी दर रविवारी चालू करायचे, मग तेही राहिलं. त्याचं फार वाईट वाटतं.

आता मला आठवड्यातून चार दिवस हिंजवडीला जावं लागतं. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बालेवाडी असा हायवेचा रस्ता, जाऊन-येऊन ४५ किलोमीटरच्या आसपास. नव्या गाडीचा हप्ता अगदीच झेपणार नाही असं नाही, पण ही गाडी भंगारात घालायला मन तयार होत नाही. दीड लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे. मिरवायला नको आहे; सकाळी आठला निघून संध्याकाळी धड घरी आणणारी गाडी हवी आहे.

आतापर्यंत एवढं केलं: नवी बॅटरी टाकली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, त्याला व्हार्निशसारखा उग्र वास येत होता. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलं होतं आणि एका इंजेक्टरची वायर कुरतडली होती, ती नीट करून घेतली. प्लग, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे. तिसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. बाबा वर गॅलरीत उभे होते, त्यांनी आवाजावरून ओळखलं.

आता तक्रारी. सकाळी पहिल्यांदा चालू केली की मिनिटभर निळसर धूर येतो, मग थांबतो. चालवताना आरशात पाहिलं तर काही दिसत नाही. ट्रॅफिकमध्ये, विशेषतः नवले पुलापाशी रांगेत उभं राहिलं की टेंपरेचरचा काटा वर चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो. ब्रेक पॅडल पहिल्या दाबाला खोल जातं, दुसऱ्या दाबाला वर येतं. खड्ड्यातून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड आवाज. आणि डाव्या मागच्या दाराखालचा पत्रा गंजलाय. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं.

दोन गॅरेजमध्ये दाखवली. पहिल्याने धूर बघूनच सांगितलं की इंजिन उतरवून पूर्ण काम करावं लागेल, ६५ हजार. दुसऱ्याचं म्हणणं, आधी सगळ्या गाडीला रंग मारा, अलॉय व्हील आणि टचस्क्रीन बसवा, मग बाकीचं हळूहळू. दोघांनीही गाडी वर उचलून खालून पाहिली नाही, याने मी जास्त अस्वस्थ झाले आहे.

माझा मुख्य प्रश्न क्रमाचा आहे. दीड लाखात आधी काय, नंतर काय, आणि काय करायचंच नाही? इंजिन खरंच उतरवायला लागेल का? ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या गाडीचं नुकसान होतं असं ऐकते, त्यासाठी काही बदलावं लागेल का? सीएनजी किट बसवू का? आणि या नोव्हेंबरमध्ये आरसीची मुदत संपते आहे, म्हणजे गाडीला २० वर्षं होतील. सासरचे एक काका म्हणतात, पुण्यात आता जुन्या गाड्या चालवूच देणार नाहीत. हे खरं आहे का?

पत्रा_आणि_पाना

मृण्मयीताई, पहिल्या गॅरेजला ६५ हजार देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही धुराचं वर्णन नीट केलंय, त्यातच उत्तराचा अर्धा भाग आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर, चढावर धूर दिसतो. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या मिनिटाला येऊन थांबणारा धूर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलचा असतो. ते रबर वयाने आणि उभं राहून कडक होतं, रात्री थेंबथेंब ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. सील बदलणं हे काम पूर्ण इंजिन उतरवण्याच्या मानाने फार छोटं आहे.

अंदाजावर जाऊ नका, कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. चारही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारायचा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. तासाभराचं काम आहे. जे गॅरेज ही टेस्ट न करता इंजिन उघडायला निघतं तिथे गाडी सोडू नये, हे माझं स्पष्ट मत.

तुमचं इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. हेच पहिल्या पिढीच्या पेट्रोल स्विफ्टमध्ये आणि जिप्सी किंगमध्येही होतं, त्यामुळे एस्टीम २००७ मध्ये बंद झाली तरी इंजिनाचे पार्ट अजून मिळतात. नाना पेठेत जाताना जुना पार्ट हातात घेऊन जा आणि पार्ट नंबर जुळवा. मारुतीच्या पाकिटात नकली माल येतो, छपाई आणि होलोग्राम पाहून घ्या. अडचण बॉडीच्या पार्टची आहे: बीडिंग, दाराची रबरं, दिवे. तुमच्याकडचं जुनं काही टाकू नका.

टायमिंग बेल्ट कधी बदलला ते लिहिलं नाहीत. किलोमीटर कमी असले तरी वयाने पट्टा जातो. माहीत नसेल तर बदला, आणि उघडलंच आहे तर वॉटर पंप, टेन्शनर बेअरिंग त्याच वेळी.

काटा उभ्यानेच चढतो आणि चालताना उतरतो, म्हणजे आधी रेडिएटरचा पंखा पाहा. गाडी पळते तेव्हा वारा पंख्याचं काम करतो. पंख्याचा स्विच, रिले, मोटर हे क्रमाने तपासा, रेडिएटर साफ करून घ्या. आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) आहे का ते बघायला सांगा. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय आहे. मग इंजिन सकाळी लवकर गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. कूलंट घाला, नळाचं पाणी नको.

नऱ्हेकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण माझ्या मते इंजिनाचा नंबर दुसरा. पॅडल दोनदा दाबावं लागतंय ना? मग ती गाडी आज हायवेवर नेऊच नका. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला ठाऊक आहे, तिथे मागून येणारा ट्रक थांबत नाही आणि आपल्यालाही पहिल्याच दाबाला थांबता यायला हवं.

मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर गळतात का पाहा, लायनर आणि ॲडजस्टमेंट पाहा, मास्टर सिलिंडर, होजपाइप, सगळं. ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतली ओल शोषतं, अडीच वर्षांत खराब होणारच. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असू दे, जुने निघाले तर चारही बदला. एकाच जागी उभे राहून तळ चपटे झाले असतील ते वेगळंच.

खडखडीसाठी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर लिंक. शॉकॲब बदलले तर जोडीने बदला. हे झाल्यावरच अलाइनमेंट.

सीएनजी नको. सिलिंडर डिकीत गेला की मागचा भार वाढतो, आणि तुमचा मागचा पत्राच कच्चा आहे. शिवाय मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, सिलिंडरची ठरावीक मुदतीनं चाचणी हे सगळं करावं लागतं. ४५ किलोमीटर आणि चार दिवस यात तो पैसा लवकर वसूल होत नाही.

कागदपत्र_आणि_कॉफी

काकांचा गैरसमज दूर करते. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली की दर वेळी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते.

मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो, म्हणजे तुमचं सप्टेंबरमध्ये. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड. बाबांनी २०२१ मध्ये नूतनीकरण केलं तेव्हा फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १० हजार. तुमची गाडी अगदी सीमारेषेवर आहे, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका आणि कोणता दर लागतो ते संगम पुलाच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. पर्यावरण कर वेगळा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. इन्शुरन्स चालू हवा. पीयूसी तुमच्या बीएस-३ (प्रदूषणाच्या जुन्या निकषाच्या) गाडीला दर सहा महिन्यांनी.

ई-२० बद्दल: इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढून घेतं. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या ई-२० चालणाऱ्या टाका, टाकीचं तोंड उघडून आत गंज आहे का पाहा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल, ते धरून चाला.

शेजारची_सीट

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, आणि ते बाहेरून बसवता येत नाही. जुन्या गाडीवर माझंही प्रेम आहे, म्हणूनच सांगतो: पुढचे-मागचे सीट बेल्ट ओढून झटका देऊन पाहा, पट्टा विरला असेल तर अख्खं युनिट बदला. हेडलाइटला ६०/५५ वॅटचेच बल्ब आणि वेगळा रिले लावा, काचा पॉलिश करा. १०० वॅटचे बल्ब लावून वायरिंग वितळलेली मी पाहिली आहे. वेग ८० च्या आत. अलॉयचे पैसे इथे घाला.

मृण्मयी_वडगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहिते आहे.

गाडी टो करून वेगळ्या गॅरेजमध्ये नेली, हायवेवर चालवली नाही. कॉम्प्रेशन १७५, १७२, १७८, १७० आलं. म्हणजे रिंगा ठीक. फक्त व्हॉल्व्ह सील बदलले, सोबत टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि पंप. सकाळचा धूर बंद झाला. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर गळत होते. ते, लायनर, होजपाइप आणि ब्रेक ऑइल नवं. पॅडल आता पहिल्या दाबाला वर राहतं. टायर २०१७ चे निघाले, चारही बदलले. पंख्याचा स्विच गेला होता, आणि थर्मोस्टॅट खरंच कुणीतरी काढून टाकला होता, तोही बसवला. लोअर आर्म, पेट्रोलच्या नळ्या, पुढचे दोन्ही बेल्ट झाले. आतापर्यंत ७४ हजार. रंग, अलॉय, सीएनजी, तिन्ही रद्द.

रविवारी बाबांना शेजारी बसवून खडकवासल्यापर्यंत जाऊन आले. येताना त्यांनी क्लच थोडा उंच पकडतोय असं सांगितलं. गॅरेजवाल्यानेही नंतर तेच सांगितलं, प्लेट पुढच्या सहा महिन्यांत बदलावी लागेल.

आता पत्रा राहिला. दाराखालची पाणी जायची भोकं मातीने बुजली होती, म्हणून आतून गंज चढला. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणारा, नुसती पुटी भरून रंग न मारणारा कारागीर नऱ्हे, धायरी किंवा कात्रज भागात कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम उरकायचं आहे.